प्राचीचं लग्न आणि बारा नंबरचा गॅस

मे महिन्यातला तिसरा रविवार. हवामान : सकाळी सहा वाजता बाल्कनीत तीस अंश. वारा नाही. खाडीकडून आलेला दमटपणा एवढा की वहीचं पान मनगटाला चिकटत होतं. आकाश स्वच्छ, म्हणजे दिवसभर भाजणार.

आज सकाळी वहीत एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुढचं तोंडीच ऐका. चहा घ्या, पंखा तुमच्याकडेच राहू द्या. थंड हवा मागायला मला आता तोंड उरलेलं नाही. हसायचं असेल तर शेवटी एकदम हसा. मधेच हसलात तर माझ्याच्याने पुढचं सांगवणार नाही.

तर मी सुधाकर घाग. मूळ गाव रत्नागिरीकडचं, राहायला मीरा रोडला, शांती नगरात. नोकरी एका औषधांच्या गोदामात. काम काय? तापमान लिहायचं! लसी, इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, सगळं दोन ते आठ अंशांच्या मधे राहतंय की नाही ते दर दोन तासांनी बघायचं आणि रजिस्टरमध्ये नोंदवायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. माझ्या हाताखाली आजवर एक कुपी गरम झालेली नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्हाला ते खोटं वाटणार आहे.

घरीही मला नोंदींची सवय. गाडीची तर वेगळी वहीच आहे. गाडी म्हणजे आमची पांढरी हॅचबॅक, पंचवीस वर्षांहून जुनी. मी ती सेकंडहँड घेतली तेव्हा प्राची, माझी मुलगी, दुसरीत होती. मागच्या सीटवर बसून तिने बाविसाचा पाढा पाठ केला. त्याच प्राचीचं लग्न ठरलं आणि तिने जाहीर केलं, "बाबा, हॉलवर मी आपल्याच गाडीतून जाणार. तुम्ही चालवायची."

दुसरं काही नको होतं हो मला आयुष्यात! मी त्याच दिवशी वहीत लिहिलं : 'प्राची आपल्या गाडीतून.' खाली दोन रेघा.

पण मेकअप करणाऱ्या बाईंनी अट घातली. नवरी एसीतच बसली पाहिजे. घामाने काही ओघळलं तर आपली जबाबदारी नाही. आणि आमच्या गाडीचा एसी होळीपासून नीट गार करत नव्हता.

सुनंदा, आमची ही, लगेच म्हणाली, "एवढं काय त्यात? रवीदादाची नवी गाडी आहे. बटण दाबलं की बर्फ."

रवीदादा म्हणजे तिचा भाऊ, प्राचीचा मामा, राहतो पूनम सागरला. त्याच्या गाडीला पुढे वेगळा एसी, मागे वेगळा एसी. भेटला की आधी गाडीची चावी टेबलावर ठेवतो, मग नमस्कार करतो.

मी म्हटलं, "मामाने मुलीला बोहल्यावर न्यायचं असतं, हॉलवर नाही. हॉलवर बाप नेतो."

"असं कुठे लिहिलंय?"

"माझ्या वहीत."

तर शेवटी ठरलं असं. लग्न रविवारी. त्याआधीच्या गुरुवारी चाचणी. गाडी गार झाली तर माझी, नाही तर मामाची.

आता मी अभ्यासाला लागलो. माझी पद्धत अशी की आधी कागदपत्रं बघायची. बॉनेटच्या आत एक जुनी पाटी चिकटवलेली आहे, त्यावर स्वच्छ लिहिलंय : गॅस आर-बारा, आणि पुढे वजन. बारा नंबर! हा गॅस आता मिळत नाही. वातावरणाला घातक म्हणून कधीचा बंद झाला. त्याच्या जागी आर-एकशे चौतीस आला. म्हणजे माझ्या गाडीत दुर्मिळ जुना गॅस आहे आणि तो हळूहळू गळतोय, असं माझं निदान झालं. तीन रविवार व्हिडिओ बघितले. बारा भरावा, एकशे चौतीस भरावा, की तिसरं काही, यावर वहीची अकरा पानं लिहिली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे.

सुनंदाने पानं मोजली. "प्राचीचं स्थळ बघताना तुम्ही अर्धं पान लिहिलं होतंत."

"माणसाचं काय, बोलून कळतं. गॅस दिसत नाही."

या सगळ्यात माझी आई तेवढी खूश होती. वय ब्याऐंशी, मोतीबिंदूमुळे दिसतं पुसट, पुढच्या सीटवर बसायची हौस मोठी. दर सोमवारी तिला गाडीतून देवळात नेतो. उतरताना म्हणायची, "सुधाकर, हल्ली तुझ्या गाडीत बसलं की गुडघ्यांना फार बरं वाटतं हो."

हेही मी वहीत लिहिलंय. लिहिलं आणि पान उलटलं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, त्यात काय एवढं? असा विचार करणाऱ्या माणसाला सव्वीस वर्षं पगार कोणी दिला, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारतोय.

पहिल्यांदा गेलो पेणकरपाड्याला, शकीलभाईंकडे. गाड्यांच्या एसीचं काम करणारा जुना माणूस, कमी बोलणारा. त्यांनी गाडी सुरू ठेवून दाबाची दोन घड्याळं जोडली, एक निळ्या नळीचं, एक लाल नळीचं. काट्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "गॅस बराबर है साहब."

"बराबर कैसे होगा? ये आर-बारा है. आपका घड्याळ दुसरे गॅस का होगा."

"बारा नहीं है. एक सौ चौंतीस है. नली का मुँह देखो, बारा का पेचवाला आता था. ये दबाने वाला है. पहले वाले मालिक ने बदला होगा."

"पाटी पे लिखा है," मी पाटीवर बोट ठेवलं.

"पाटी पे तो लिखा ही रहेगा साहब. पाटी को किसने बताया कि गॅस बदला?"

मी वही उघडली. अकरा पानांतली सहा वाचून दाखवली. शकीलभाईंनी तोपर्यंत दुसऱ्या दोन गाड्या बघून टाकल्या.

परत आले ते सरळ दार उघडून आत वाकले. "थोडा अंदर का देखता हूँ."

"अंदर सब बराबर है!" मी आडवा झालो. "अंदर मैंने खुद चेक किया है."

त्यांचा हात डॅशबोर्डवरच्या सरकत्या खटक्यापाशी थांबला. तुम्ही जुन्या गाड्या बघितल्या असतील तर माहीत असेल. आडवी खाच, एका टोकाला निळी खूण म्हणजे गार हवा, दुसऱ्या टोकाला लाल खूण म्हणजे हीटर. आमचा खटका निळ्या टोकाला होता आणि त्यावर मी पारदर्शक टेप लावली होती. टेपखाली बारीक अक्षरात चिठ्ठी : 'हलवू नये.'

"ये क्या है?"

"फेब्रुवारी में किसी ने लाल पे कर दिया था. मैंने निळे पे लाके टेप मार दी. अब कोई हिला नहीं सकता."

शकीलभाईंनी हात मागे घेतला. "तो फिर क्या करना है, आप ही बोलो. डॉक्टर के पास आए हो और ऑपरेशन आप ही कर रहे हो."

मी यादी दिली. जुना गॅस मशीनने ओढून घ्या, ओलावा शोषणारा ड्रायर नवा, तेल नवं, पाइपांतली हवा पूर्ण काढा, मग नवा गॅस. त्यांनी विचारलं, एक मिक्स गॅसही येतो, कमी भरला तरी जास्त गार करतो, तो भरू का? मी विचारलं, तो पेटतो का? म्हणाले, "पेटता तो है." नवरीला बसवायचंय, म्हटलं, एकशे चौतीसच भरा. या सगळ्या प्रकरणात मी घेतलेला शहाणपणाचा निर्णय एवढाच. त्याचीही नोंद आहे.

पण लगेच पुढची माती खाल्ली. मी म्हटलं, पाटीवर जेवढं वजन लिहिलंय तेवढाच भरा, एक ग्रॅम कमी नको.

"वो बारा का वजन है साहब. ये उससे कम भरना पड़ता है."

"पाटी पे..."

"फिर पाटी!"

भरला. कॉम्प्रेसर कण्हायला लागला, लाल घड्याळाचा काटा नको तिथे गेला. शकीलभाईंनी जास्तीचा गॅस परत ओढून घेतला आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "गाडी का प्रेशर ठीक हो गया. आपका अपने डॉक्टर को दिखाओ."

मी खिशातून गोदामातला थर्मामीटर काढला आणि हवेच्या जाळीत धरला. बत्तीस अंश. येतानाही बत्तीसच होते.

लग्नाला नऊ दिवस उरलेले. घरात आमंत्रणपत्रिका, तांदूळ, रुखवताचे खोके, आणि मी खिडकीशी बसून बत्तीस या आकड्याकडे बघतोय. प्राची येऊन शेजारी बसली. "बाबा, काच उघडी ठेवून जाऊ की. वारा छान येतो."

"मेकअप?"

"पुसला तर पुसला. नवऱ्याने मला बिनमेकअपचं बघितलंय."

"पण तुझ्या आईला चालायला हवं ना!"

मंगळवारी रजा टाकून उत्तनला गेलो, इनासकडे. इनास माझा पूर्वीचा ओळखीचा. बोटींवरचे बर्फाचे पेटारे आणि गाड्यांचे एसी, दोन्ही दुरुस्त करायचा. आता वय झालं, चर्चच्या मागे घराच्या पडवीत जाळं विणत बसतो. बारा नंबरचा जमाना बघितलेला माणूस.

"इनास, बारा नंबर आहे का तुझ्याकडे?"

"हाय एक जुना डबा. पन देनार न्हाय."

"का?"

"तुज्या गाडीत त्यो न्हायच. आनि दोन गॅस मिसळलं का मशीन मरते. चल, बॉनेट खोल."

त्याने घड्याळं जोडली नाहीत की काही नाही. एसी लावायला सांगितला आणि एका जाड पाइपावर तळहात ठेवला. मग माझा हात धरून तिथेच ठेवला. पाइप गारेगार! वर पाण्याचे थेंब जमलेले.

"घाम आलाय बघ पाइपाला. थंडी बनते हाय, झकास बनते हाय. गाडीत पोचत न्हाय. मधी कोन तरी खातंय."

"कोण खाणार?"

"हीटर बंद हाय न?"

"पक्का बंद! टेप लावलीय त्याला."

"मंग हीटरची गरम पान्याची नली चिमटून बघू जरा."

मी त्याचं मनगटच धरलं. "नको, नको! रबर पंचवीस वर्षांचं आहे. चिमटलं आणि फुटलं तर लग्नाच्या आधी रेडिएटरचं पाणी रस्त्यावर!"

इनासने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग समुद्राकडे बघितलं. "बोलतोस तर र्‍हाऊ दे. मंग डॅशबोर्ड खोलाया लागंल. चार दिस."

"माझ्याकडे चार दिवस नाहीत."

"मंग माज्याकडं पन विलाज न्हाय." आणि आत वळून बायकोला ओरडला, "अगो, च्या टाक, हा मानूस रडनार हाय."

मी रडलो नाही. पण चहा दोन कप प्यायलो.

गुरुवारची चाचणी. सुनंदा तयारीची बाई. तिने स्वतः पावडर लावली, काजळ घातलं, कपाळावर ओली टिकली काढली आणि मागच्या सीटवर नवरीसारखी ताठ बसली. काचा बंद. आई पुढे, कारण गाडी निघतेय म्हटल्यावर ती आधीच जाऊन बसली होती. एसी पूर्ण. शांती नगर ते भाईंदर पश्चिमेचा हॉल, पुलावरून, संध्याकाळच्या गर्दीत.

पुलावर पोचलो. मी आरशात बघितलं. टिकली नाकाच्या शेंड्यावर होती.

"जरा दम धर, आता गार होईल."

"हो."

पूल उतरलो. पुन्हा आरशात बघितलं. काजळ हनुवटीला पोचलं होतं.

"सुनंदा?"

"तुम्ही पुढे बघा."

हॉलसमोर ती उतरली तेव्हा वॉचमनने घाबरून खुर्ची आणली. म्हणाला, "मावशी, पानी देऊ? कोन वारला का?"

आई मात्र पुढच्या सीटवरून प्रसन्नपणे म्हणाली, "काय छान ऊब आहे हो. अगदी गुडघ्यांच्या आत जाते."

तुम्ही म्हणाल, घागसाहेब, तेव्हा तरी! अहो, कळलं नाही. मला वाटलं, आईला ताप आहे. घरी जाऊन तिचं तापमान घेतलं. साडेछत्तीस. नोंद आहे.

त्या संध्याकाळी सुनंदाने रवीदादाला फोन लावला. मी ऐकत होतो. प्राची माझ्यापाशी आली, बराच वेळ माझ्या वहीची पानं चाळत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मामाच्या गाडीतून जाते मी. तुम्ही अगदी पाठोपाठ या हं. मी काचेतून बघत राहीन."

मी 'प्राची आपल्या गाडीतून' या ओळीवर काट मारली. पट्टी धरून मारली. वाकडी आली.

आणि उजाडला हा रविवार. मामाची गाडी फुलांनी सजलेली, आतून धुकं सुटावं इतकी गार. मामाने चावी बोटावर फिरवत विचारलं, "भावोजी, येताय का आमच्यात? जागा आहे."

"नको. आईला आणि हारांना आणतो."

हार म्हणजे नवरानवरीचे हार, थर्माकोलच्या खोक्यात, मागच्या सीटवर. माझ्या शेजारी आई, अंजिरी रेशमी नऊवारीत, दोन्ही हातांत बांगड्या. निघालो. पुढे मामाची गाडी, मागच्या काचेत प्राचीचा गजरा दिसत होता. मी एसी लावला होता. कशाला ते विचारू नका, सवय.

पुलाच्या तोंडाशी गाड्या तुंबल्या. थर्मामीटर जाळीत अडकवलेलाच होता. तेहतीस. माझा सदरा पाठीला चिकटला. एवढ्यात आई चुळबुळ करायला लागली.

"सुधाकर, आज राहू दे रे शेक. रेशमात उकडतंय."

"कसला शेक?"

"हा." तिने हात पुढे केला, चाचपत खाच शोधली, माझी टेप नखाने उचकटली, 'हलवू नये' ही चिठ्ठी खाली पडू दिली आणि खटका सर्रकन दुसऱ्या टोकाला लोटला. लाल खुणेवर.

"आई! तो हीटर आहे!"

"हीटर तर बंद केला मी. मला काय शिकवतोस? आंबोलीला जाताना कितीदा लावलाय तुझ्या बाबांसाठी. इकडे ऊब, तिकडे गार. रंग मला दिसत नाहीत, हाताला माहीत आहे."

आणि जाळीतून हवा आली. मी थर्मामीटरकडे बघितलं. सत्तावीस. बावीस. मागच्या गाडीने हॉर्न दिला. एकोणीस.

"आई," मी म्हटलं, "तू आधी का नाही बोललीस?"

"काय बोलायचं? मला वाटलं, माझ्या गुडघ्यांसाठी तू मुद्दाम लावून ठेवतोस. वर चिकटपट्टीसुद्धा लावलीस, कोणी बंद करू नये म्हणून. पोरगं स्वतः घामाने निथळतं, पण आईला शेक देतं. मी देवळात सगळ्यांना सांगितलं."

आता तुम्हाला हसायचं असेल तर हसा.

हॉलवर पोचल्यावर आधी डिकीतून गाडीची वही काढली. फेब्रुवारीचं पान सापडलं. माझंच अक्षर : 'डॅशबोर्डवरच्या पुसट झालेल्या खुणा नव्याने रंगवल्या. अचूकता राहावी म्हणून जुन्या खुणांचा बटर पेपरवर छाप घेतला, त्यावर रंग भरला, मग पेपर पालथा घालून पॅनलवर उमटवला. काम सुबक.' त्याखाली, त्याच दिवशी : 'खटका लाल खुणेवर आढळला. कोणी हलवला कळत नाही. निळ्यावर आणून टेप लावली.'

पालथा घातलेल्या पेपरात डावं उजवीकडे जातं, हे बालवाडीत ठसे उमटवणाऱ्या पोरांना कळतं.

शकीलभाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुबारक हो साहब. बेटी की शादी की." आणि ठेवला.

हॉलच्या दारातून सुनंदाची हाक आली, "अहो, हार कुठेत? मुहूर्त जवळ आला!" मी खोका उघडून दिला. निशिगंध तांबूस झाला होता, गुलाब काळपट. तिने खोक्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मामाला नवे हार आणायला पाठवलं. त्याच्या गाडीतून.

मग वहीत आजची नोंद पूर्ण केली. ती जशीच्या तशी :

'सकाळी ९.४०, पूल उतरताना. बाहेर ३४ अंश. जाळीत ९ अंश. खटका लाल खुणेवर. प्रवासी दोन, मी आणि आई. नवरी पुढच्या गाडीत. आईने शाल मागितली.'